सरासरी वेगाची उदाहरणे कशी सोडवावीत : भरतीच्या तयारीला नव्याने बसणाऱ्यांसाठी

पोलीस भरतीच्या पहिल्या लेखी परीक्षेत ज्या उदाहरणावर मी सर्वांत कमी वेळ घालवला आणि ज्याच्या उत्तराबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, नेमके तेच उदाहरण माझे चुकले. एक मोटारसायकलस्वार ताशी 40 किमी वेगाने एका गावी जातो आणि त्याच रस्त्याने ताशी 60 किमी वेगाने परत येतो, तर संपूर्ण प्रवासातील त्याचा सरासरी वेग किती, असा तो प्रश्न होता. चाळीस आणि साठ शंभर, शंभराचे निम्मे पन्नास, आणि पन्नास हा पर्याय समोर छापलेला होताच. उत्तरतालिकेत 48 पाहिल्यावर मी आधी छपाईची चूक समजलो. धुळ्याच्या अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या एका दादांनी कागदावर चार ओळी मांडून दाखवल्या, तेव्हा चूक माझी होती हे पटले. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल अशा तालुक्यांतून शिकवणीशिवाय तयारी करणारी बरीच मुले-मुली याच ठिकाणी अडखळतात. त्यांच्यासाठी, मी ज्या क्रमाने हा विषय शिकलो त्या क्रमाने पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. उदाहरणांतील अंतरे हिशेबाच्या सोयीसाठी पूर्णांकात धरली आहेत. रस्त्यावरच्या पाट्यांशी ती ताडून पाहू नयेत.

काय जवळ असावे

- कच्च्या कामासाठी एकरेघी वही, आणि प्रत्येक उदाहरणासाठी तिचे अर्धे पान. एका पानात आठ उदाहरणे कोंबली की आकडे एकमेकांत मिसळतात.
- 20 पर्यंतचे पाढे तोंडपाठ. 30 पर्यंत असतील तर उत्तमच.
- लसावि काढण्याचा आणि अपूर्णांकांच्या बेरजेचा सराव. हा कच्चा असेल तर आधी आठवडाभर तोच करावा. वेगाची उदाहरणे कुठे पळून जात नाहीत.
- मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि एक घड्याळ. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत 100 गुणांसाठी 90 मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही पुरता येत नाही. घड्याळ मात्र पहिल्या पंधरवड्यात बाजूलाच ठेवावे.

पायरी 1 : व्याख्या एकदा हाताने लिहून काढा

सरासरी वेग म्हणजे एकूण कापलेले अंतर भागिले त्यासाठी लागलेला एकूण वेळ. या व्याख्येत 'वेगांची बेरीज' हे शब्द कुठेही येत नाहीत, याकडे लक्ष द्यावे. शाळेत आपण गुणांची सरासरी, वयांची सरासरी, पावसाची सरासरी शिकतो आणि तेथे बेरीज करून संख्येने भागण्याची सवय हाताला लागते. वेगाच्या बाबतीत हीच सवय घात करते, कारण वेग हा मुळातच एक भागाकार आहे आणि दोन भागाकारांची सरासरी काढताना दोघांचेही भाजक, म्हणजे वेळ, विचारात घ्यावे लागतात.

येथेच एक शब्दाचा घोळ निस्तरून ठेवतो. नववीच्या विज्ञानात अंतर भागिले वेळ याला 'चाल' म्हणतात आणि विस्थापन भागिले वेळ याला 'वेग' म्हणतात. त्या अर्थाने जाऊन घरी परत आलेल्या माणसाचे विस्थापन शून्य, म्हणून त्याचा सरासरी वेगही शून्य. अंकगणिताच्या प्रश्नपत्रिकेत मात्र 'वेग' हा शब्द सरसकट चालीसाठीच वापरतात. विज्ञानाच्या प्रश्नात 'विस्थापन' किंवा 'दिशा' हे शब्द दिसले तरच शून्याचा विचार करावा.

पायरी 2 : एकके आधी सारखी करा

ज्याला गणित येते त्याचेही गुण येथे जातात. 1 तास 20 मिनिटे म्हणजे 1.20 तास नव्हे. 20 मिनिटे हा तासाचा तिसरा हिस्सा, म्हणून तो वेळ 4/3 तास होतो. 2 तास 24 मिनिटे म्हणजे 2.4 तास, 2.24 नव्हे. दशांशचिन्हापेक्षा अपूर्णांकच लिहावा, चूक कमी होते. 10 मिनिटे 1/6, 12 मिनिटे 1/5, 15 मिनिटे 1/4, 20 मिनिटे 1/3, 40 मिनिटे 2/3, 45 मिनिटे 3/4 तास, एवढे पाठ असले की पुरते.

ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे असतील तर 5/18 ने गुणावे, उलट जायचे असेल तर 18/5 ने. ताशी 72 किमी म्हणजे सेकंदाला 20 मीटर. मैदानी चाचणीची तयारी करणाऱ्यांना एक जवळचे उदाहरण देतो : 1600 मीटर धाव 5 मिनिटे 20 सेकंदांत पूर्ण केली, तर 320 सेकंदांत 1600 मीटर, म्हणजे सेकंदाला 5 मीटर, म्हणजेच ताशी 18 किमी. सकाळी मैदानावर स्वतःची वेळ लावून असे रूपांतर रोज एकदा केले की 5/18 आणि 18/5 यांची अदलाबदल होणे आपोआप थांबते.

पायरी 3 : तीन रकान्यांचा तक्ता मांडा

प्रश्न वाचताच वहीत अंतर, वेग, वेळ असे तीन रकाने आखावेत, प्रवासाचा प्रत्येक टप्पा एकेका ओळीत लिहावा आणि खाली बेरजेची ओळ ठेवावी. बेरीज फक्त अंतराच्या आणि वेळेच्या रकान्याची होते. वेगाच्या रकान्याखाली बेरीज करायची नसते, म्हणून तेथे आधीच आडवी रेघ मारून टाकावी. ही रेघ मी आजही मारतो.

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावला जाणारी एसटी घेऊ. अंतर 90 किमी धरू. जाताना बस ताशी 45 किमी वेगाने गेली, परतताना पावसामुळे ताशी 30 किमी वेगाने आली. पहिल्या ओळीत अंतर 90, वेग 45, वेळ 2 तास. दुसऱ्या ओळीत अंतर 90, वेग 30, वेळ 3 तास. बेरजेच्या ओळीत अंतर 180, वेळ 5 तास. भागाकार 36. म्हणून सरासरी वेग ताशी 36 किमी. वेगांची सरळ सरासरी 37.5 आली असती, आणि परीक्षकाने ती पर्यायांत नक्की ठेवली असती.

पायरी 4 : अंतर समान की वेळ समान, हे ठरवा

संपूर्ण विषयाचा कणा हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

वरच्या उदाहरणात बस संथ वेगाने 3 तास चालली आणि जलद वेगाने फक्त 2 तास. प्रवाशाच्या दृष्टीने पाहिले तर पाच तासांपैकी तीन तास तो ताशी 30 च्याच वेगात अडकलेला होता. मग दोन्ही वेगांना सारखे वजन देऊन कसे चालेल? अंतर समान असले की संथ वेगाला जास्त वेळ लागतो, तो सरासरीला आपल्याकडे ओढतो, आणि उत्तर सरळ सरासरीपेक्षा नेहमी कमी येते. याउलट बस 2 तास ताशी 50 किमी वेगाने आणि पुढील 2 तास ताशी 70 किमी वेगाने गेली असती, तर दोन्ही वेगांना सारखाच वेळ मिळाला असता, आणि तेथे सरळ सरासरी, म्हणजे 60, हेच बरोबर उत्तर असते. अंतर 100 अधिक 140, म्हणजे 240, वेळ 4 तास, भागाकार 60.

म्हणजे सरळ सरासरी चुकीची नाही, ती फक्त वेळ समान असतानाची आहे. हे एकदा मनात बसले की सूत्रे पाठ करण्याची गरज निम्म्याने कमी होते.

दोन्ही वेगांतील तफावत वाढली की समान अंतराचे उत्तर किती झपाट्याने खाली येते, हे मी एकदा रिकाम्या वेळी मांडून पाहिले. ज्यांची बेरीज 100 आहे अशा जोड्या घेतल्या, म्हणजे सरळ सरासरी प्रत्येक वेळी 50 च राहते. 40 आणि 60 साठी उत्तर 48, 30 आणि 70 साठी 42, 20 आणि 80 साठी 32, तर 10 आणि 90 साठी अवघे 18. पन्नासमधून झालेली घट अनुक्रमे 2, 8, 18 आणि 32 आहे. तफावत दुप्पट झाली की घट चौपट होते. यातूनच तोंडी करण्याची एक रीत निघते : वेगांमधील फरकाच्या निम्म्याचा वर्ग करा, त्याला सरळ सरासरीने भागा, आणि येईल ते सरळ सरासरीतून वजा करा. 40 आणि 60 साठी फरकाचे निम्मे 10, वर्ग 100, भागिले 50 म्हणजे 2, आणि 50 वजा 2 म्हणजे 48. ही रीत फक्त दोन समान अंतरांसाठी आहे.

प्रश्नाची भाषा येथे कान देऊन वाचावी लागते. 'जाताना' आणि 'येताना', 'त्याच मार्गाने परत', 'अर्धे अंतर', 'प्रवासाचा पहिला एक तृतीयांश भाग' हे शब्द अंतर सांगतात. 'अर्धा वेळ', 'पहिले दोन तास', 'तेवढाच वेळ' हे शब्द वेळ सांगतात. 'अर्धा प्रवास' असे मोघम लिहिलेले असेल तर अंतरच धरतात. आपल्याकडे अंतराची चौकशी केली तरी उत्तर वेळेतच मिळते, अमळनेर किती लांब विचारले तर 'दीड तास' म्हणतात. कदाचित म्हणूनच वाचताना या दोन गोष्टी आपल्या डोक्यात सहज मिसळतात.

पायरी 5 : सूत्र वापरा, पण त्याची हद्द ओळखून

दोन समान अंतरे x आणि y वेगांनी कापली, तर सरासरी वेग = 2xy ÷ (x + y). गणितात याला हरात्मक मध्य म्हणतात. हे सूत्र आकाशातून पडलेले नाही : प्रत्येक बाजूचे अंतर 1 धरा, वेळ 1/x अधिक 1/y होतो, एकूण अंतर 2 आहे, भागाकार केला की सूत्र हजर. पोलीस भरतीच्या मैदानावर 800 मीटर सेकंदाला 5 मीटर वेगाने आणि उरलेले 800 मीटर दमल्यामुळे सेकंदाला 4 मीटर वेगाने धावलात, तर 2 × 5 × 4 ÷ 9, म्हणजे 40/9 मीटर प्रति सेकंद, आणि 18/5 ने गुणल्यावर ताशी 16 किमी.

व्यस्त, म्हणजे 1 भागिले ती संख्या, घेऊन बेरीज करण्याची ही युक्ती फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) चार झरे एक विहीर स्वतंत्रपणे अनुक्रमे एक दिवस, अर्धा दिवस, तिसरा हिस्सा आणि सहावा हिस्सा दिवसात भरतात, तर चारही एकदम सोडल्यास किती वेळ लागेल, असा प्रश्न आहे. दिवसाला 1, 2, 3 आणि 6 विहिरी मिळून 12, म्हणून उत्तर दिवसाचा बारावा हिस्सा. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. पाटणादेवीला सहलीला जाऊनही हे ठाऊक नसलेले आपल्यात पुष्कळ आहेत, मीही होतो.

नदीतल्या नावेलाही हेच सूत्र लागते. प्रकाशाजवळ तापीत संथ पाण्यातला नावेचा वेग ताशी 10 किमी आणि प्रवाहाचा वेग ताशी 2 किमी धरला, तर प्रवाहाबरोबर 12, प्रवाहाविरुद्ध 8, आणि जाऊन-येऊन सरासरी 192 ÷ 20 = 9.6. 'जाताना जे मिळाले ते येताना गेले' असे म्हणून 10 लिहिणारे बरेच निघतात.

पायरी 6 : तीन टप्पे असतील तर लसावि धरा

तीन समान अंतरे 30, 40 आणि 60 वेगाने कापली, तर 2xy चे सूत्र उपयोगाचे नाही, आणि तीन वेगांचे लांबलचक सूत्र पाठ करण्यातही अर्थ नाही. तिन्हींचा लसावि 120. प्रत्येक टप्पा 120 किमी धरा. वेळ 4, 3 आणि 2 तास, एकूण 9. अंतर 360. उत्तर 40. अंतर दिलेलेच नसते तेव्हा तुम्ही कोणतेही अंतर धरले तरी उत्तर बदलत नाही. मग सोयीचेच का धरू नये?

टप्पे असमान असतील तर कोणतेही सूत्र शोधू नये, सरळ तक्त्याकडे जावे. सावद्याहून केळी भरून निघालेला ट्रक गावरस्त्यांवर 60 किमी अंतर ताशी 30 वेगाने आणि पुढे महामार्गावर 240 किमी अंतर ताशी 60 वेगाने गेला. वेळ 2 अधिक 4, म्हणजे 6 तास, अंतर 300, सरासरी 50. येथे सरळ सरासरी 45 आहे आणि खरे उत्तर तिच्यापेक्षा जास्त आहे. 'उत्तर नेहमी सरळ सरासरीपेक्षा कमी' हा नियम पाठ करून बसलेल्यांची येथे फसगत होते. तो नियम समान अंतरापुरताच होता.

पायरी 7 : थांब्याचा वेळ विसरू नका

वाटेत शेवभाजी खायला बस अर्धा तास थांबली, तर तो अर्धा तास एकूण वेळेत धरावाच लागतो, प्रश्नात 'थांबे वगळून' असे स्पष्ट म्हटले नसेल तर. तक्त्यात थांब्यासाठी वेगळी ओळ करावी : अंतर 0, वेळ 1/2.

याच विषयावर एक ठरलेला प्रश्न येतो. भुसावळहून नंदुरबारकडे जाणाऱ्या पॅसेंजरचा थांबे वगळून सरासरी वेग ताशी 54 किमी आणि थांब्यांसह ताशी 45 किमी आहे, तर गाडी दर तासाला सरासरी किती मिनिटे थांबते? थांब्यांमुळे तासाला 9 किमी कमी पडले. हे 9 किमी गाडीने ताशी 54 च्या वेगाने 9/54, म्हणजे 1/6 तासात कापले असते. म्हणून 10 मिनिटे. भागाकार धावण्याच्या वेगाने, म्हणजे मोठ्या संख्येने करायचा; 45 ने भागून 12 मिनिटे काढण्याची चूक मी स्वतः तीन वेळा केली आहे.

पायरी 8 : उलटे प्रश्न

सरासरी दिलेली असते आणि एका टप्प्याचा वेग विचारतात. अर्धे अंतर ताशी 30 वेगाने कापले. संपूर्ण प्रवासाची सरासरी 40 यावी, तर उरलेले अर्धे कोणत्या वेगाने कापावे? प्रत्येक बाजू 120 किमी धरू. एकूण 240 किमीला 40 च्या सरासरीने 6 तास मिळतात, त्यांतले 4 तास खर्च झाले, 2 तासांत 120 किमी, म्हणून ताशी 60. उत्तर 50 नाही.

आता सरासरी 40 ऐवजी 60 हवी असे म्हणा. चाळीसगावहून कन्नड घाट चढून जायचे आहे, एकूण अंतर 60 किमी धरू, आणि वाहनांच्या रांगेत पहिल्या 30 किमीलाच एक तास गेला. 60 च्या सरासरीसाठी संपूर्ण प्रवासाला एकच तास मिळणार होता आणि तो संपला आहे. पुढे विमान आणले तरी ही सरासरी गाठता येणार नाही. दोन समान अंतरांच्या प्रवासात सरासरी वेग संथ वेगाच्या दुपटीपर्यंत कधीच पोहोचत नाही, आणि 'शक्य नाही' हा पर्याय दिसला की ही गोष्ट आठवावी.

एकूण वेळ देऊन अंतर विचारणारे प्रश्नही लसाविनेच सुटतात. ताशी 4 किमी वेगाने शेतात चालत गेलो, ताशी 12 किमी वेगाने सायकलवर परतलो, एकूण 2 तास लागले, तर शेत किती दूर? 12 किमी धरले तर 3 अधिक 1 म्हणजे 4 तास लागतात. आपल्याला 2 च लागले, म्हणून अंतर निम्मे, 6 किमी.

पायरी 9 : पर्यायावर खूण करण्यापूर्वी

थांबा नसेल तर उत्तर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेगांच्या मध्येच असले पाहिजे. थांबा असेल तर ते सर्वांत कमी वेगाच्याही खाली जाऊ शकते, म्हणून तेथे घाबरू नये. दोन समान अंतरे असतील तर उत्तर संथ वेगाकडे झुकलेले असावे. उत्तराचे एकक पर्यायांच्या एककाशी जुळते का, तेही पाहावे. परीक्षक 40/9 मधील 40 उचलून पर्यायात ठेवतात.

सरावासाठी

1. रावेरहून केळीचा ट्रक भरून ताशी 36 किमी वेगाने गेला आणि त्याच रस्त्याने रिकामा ताशी 45 किमी वेगाने परतला. सरासरी वेग किती?
2. 3 तास ताशी 40 आणि पुढे 2 तास ताशी 65 किमी वेगाने प्रवास केला. सरासरी वेग किती?
3. एकूण अंतराचा एक तृतीयांश भाग ताशी 20 आणि उरलेला ताशी 60 किमी वेगाने कापला. सरासरी वेग किती?
4. बसचा वेग थांबे वगळून ताशी 50 आणि थांब्यांसह ताशी 40 किमी आहे. दर तासाला ती किती मिनिटे थांबते?
5. अर्धे अंतर ताशी 40 किमी वेगाने कापले. उरलेल्या अर्ध्या अंतरासाठी जो वेळ लागला, त्याच्या निम्म्या वेळात वेग ताशी 50 आणि निम्म्या वेळात ताशी 70 किमी होता. सरासरी वेग किती?

उत्तरे : पहिल्याचे 40, दुसऱ्याचे 50, तिसऱ्याचे 36, चौथ्याचे 12 मिनिटे. पाचव्यात आतला भाग समान वेळेचा आहे, म्हणून तेथे सरळ सरासरी 60 घ्यावी. बाहेरचा भाग समान अंतराचा आहे, म्हणून 40 आणि 60 ला सूत्र लावावे. उत्तर तेच येते, जे मी पहिल्या परीक्षेत छपाईची चूक समजलो होतो.